पंचनामा आणि कथानक : रहस्यकथालेखनाच्या प्राथमिक शिक्षणाचा बंगाली-मराठी इतिहास

१

रहस्यकथेचा वाचकावर काय परिणाम होतो, याविषयी समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे. ती लिहायला लेखक कोठे आणि कसा शिकला, हा प्रश्न मात्र वाङ्मयेतिहासात अभावानेच विचारला जातो. गाण्याला घराणे असते, कीर्तनाला गुरुपरंपरा असते. रहस्यकथाकाराची शाळा कोणती, असे विचारले की आपण चार परकीय लेखकांची नावे सांगून मोकळे होतो. परंतु प्रभाव दाखवणे आणि शिक्षण दाखवणे या भिन्न गोष्टी आहेत. कॉनन डॉइल बंगालीत वाचला गेला, तसाच मराठीतही वाचला गेला. तरीही या दोन भाषांतील रहस्यकथा दोन निराळ्या वाटांनी गेल्या. हे अंतर प्रभावाच्या मोजमापाने स्पष्ट होत नाही.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. रहस्यकथालेखनाचा पहिला धडा म्हणजे दिसलेली वस्तुस्थिती आणि तिच्यावरून काढलेले अनुमान यांत अंतर राखणे. वस्तुस्थिती वाचकापुढे उघडी ठेवायची आणि अनुमान शेवटपर्यंत हातचे राखायचे, हीच या कथेची मूळ शिस्त होय. बंगाली लेखकाला हा धडा पोलिसी दप्तराने आणि पुराव्याच्या कायद्याने दिला. मराठीत कथातंत्राची चर्चा त्याच सुमारास जोमाने झाली. पण ती रहस्यकथेपर्यंत पोचण्यापूर्वीच आपल्या समीक्षेने कथानकाकडे पाठ फिरवली.

हा विचार कोलकात्याच्या पूर्वेकडील न्यू टाउनमध्ये करावा, यालाही काही अर्थ आहे. राजारहाटच्या जमिनीवर हे नगर आखण्यासाठी १९९९ मध्ये ‘हिडको’ हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. ज्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयाच्या आसपासच्या गल्ल्यांतून आणि खानावळवजा ‘मेस’मधून बंगाली रहस्यकथा वाढली, त्याच संस्थेचे, आता विद्यापीठ झालेल्या प्रेसिडेन्सीचे, दुसरे आवार येथे आहे. जुन्या कोलकात्याच्या भूगोलावर पोसलेला वाङ्मयप्रकार या आखीव नगरात टिकेल काय, हा प्रश्न येथे सहज उभा राहतो. त्याचे उत्तर इतिहासातून जाते.

२

रोझ ब्राउन नावाच्या स्त्रीचा १८६८ मध्ये कोलकात्याच्या अ‍ॅमहर्स्ट स्ट्रीटवर खून झाला. त्या प्रकरणानंतर त्याच वर्षी पोलीस आयुक्त स्टुअर्ट हॉग यांनी गुप्तचर विभाग उभा केला. या तपासाशी संबंधित असलेले अधिकारी रिचर्ड रीड यांनी पुढे आपल्या अनुभवांवर इंग्रजी पुस्तक लिहिले. ते कोलकात्यात १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याचे शीर्षकच प्रत्येकाने स्वतःचा गुप्तहेर व्हावे असे सुचवणारे आहे. शेरलॉक होम्सची पहिली कथा लंडनमध्ये छापली गेली तीही याच वर्षी. वसाहतीतील शहर लंडनची नक्कल करत मागून चालले होते, असे सरसकट गृहीत धरणाऱ्यांनी हा योगायोग ध्यानात ठेवावा.

त्यापाठोपाठ बंगाली भाषेत दारोग्यांचे लेखन आले. १८५३ ते १८६० या काळात दारोगा असलेले गिरीशचंद्र बसू यांचे ‘सेकालेर दारोगार काहिनी’ हे पुस्तक १८८८ मध्ये निघाले. कोलकाता पोलिसांच्या गुप्तचर विभागात १८७८ ते १९११ अशी तेहेतीस वर्षे नोकरी केलेले प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी १८९२ मध्ये ‘दारोगार दप्तर’ ही मालिका सुरू केली. तिचे दोनशेहून अधिक अंक निघाले. ‘दप्तर’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. पेशव्यांचे दप्तर असो की मामलेदाराचे, दप्तर म्हणजे तारीखवार बांधलेला कागद. प्रियनाथांच्या लेखनाचे कथनही तसेच चालते : खबर कोणी आणली, जागेवर काय आढळले, कोणाची जबानी झाली, संशय कोणावर गेला, माल कोठे सापडला. कथानकाची ही मांडणी त्यांनी साहित्यशास्त्रातून घेतली नव्हती. कचेरीत रोज जे लिहावे लागे, त्याच्याच घडणीतून ती आली होती.

येथे कायद्याचा भाग विचारात घेणे अगत्याचे आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नसे. मात्र कलम २७ नुसार आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर त्या शोधाशी निगडित असलेला माहितीचा भाग ग्राह्य धरला जाई. कथालेखनाच्या दृष्टीने या दोन कलमांचा अर्थ फार मोठा आहे. गुन्हेगार रडत पाया पडला, एवढ्याने दारोग्याचे काम संपत नाही. कबुलीमागे वस्तू उभी राहावी लागते. प्रियनाथांनी वर्णिलेल्या त्रैलोक्य या खुनी स्त्रीच्या प्रकरणात हे स्पष्ट दिसते. पूर्वीच्या आरोपातून ती पुराव्याअभावी सुटलेली असते. पुढे दुसऱ्या खुनाच्या तपासात, तिच्या मानलेल्या मुलावर बालंट येणार अशी बतावणी करून दारोगा तिला बोलते करतो, आणि तपास मृत स्त्रीच्या दागिन्यांपर्यंत पोचतो. या युक्तीची नैतिक बाजू संशयास्पद आहे, आणि तसे म्हटलेच पाहिजे. पण कथेचा कळस कबुलीत नसून मुद्देमालात आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. बंगाली रहस्यकथेची पहिली इयत्ता ही अशी कचेरीत भरली.

३

दुसरी इयत्ता रूपांतराची. पाँचकडी दे (१८७३-१९४५) यांनी फ्रेंच आणि इंग्रजी कथानके बंगाली घरांत आणून बसवली आणि अमाप वाचक मिळवला. दीनेंद्रकुमार राय (१८६९-१९४३) यांनी लंडनच्या सेक्स्टन ब्लेकला ‘रॉबर्ट ब्लेक’ करून ‘रहस्यलहरी’ मालिका चालवली. मराठी अभ्यासकाने लक्षात घ्यावे असे की, हेच दीनेंद्रकुमार १८९८ च्या सुमारास वडोद्यात राहत होते आणि अरविंद घोष यांना बंगाली शिकवत होते. सयाजीराव गायकवाडांच्या त्या मराठी संस्थानात ग्रंथ-भाषांतराला राजाश्रय होता. बंगाली रहस्यलहरीच्या भावी कर्त्याचा मराठी वातावरणाशी असा प्रत्यक्ष शेजार घडला. तो शेजारच राहिला, देवघेव झाली नाही.

रूपांतराने लेखकाला वेग शिकवला, प्रकरण कोठे तोडावे हे शिकवले. त्याचबरोबर एक अडचणही उभी केली. तिचे नेमके निदान रवींद्रनाथांनी १८९८ च्या ‘डिटेक्टिव्ह’ या कथेत केले. त्यांचा पोलिसी नायक महिमचंद्र आपल्या देशातील गुन्हेगारांवर नाराज आहे. ते भित्रे आणि सरळसोट आहेत, युरोपातल्यासारखी त्यांची बुद्धी चालत नाही, अशी त्याची तक्रार आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक सभ्य माणसात तो पुस्तकी गुन्हेगार शोधतो. शेवटी ज्या तरुणावर तो पाळत ठेवतो, त्याचा धागा महिमचंद्राच्या स्वतःच्या घरापर्यंत, पत्नीपर्यंत येऊन पोचतो. ही कथा विनोदाच्या अंगाने लिहिली असली, तरी तिच्यात लेखनाचा एक गंभीर पाठ आहे. उसन्या अनुमानाचा चष्मा लावला की समोरची वस्तुस्थिती दिसत नाही. महिमचंद्र निष्कर्ष आधी काढतो आणि पुरावा मागून शोधतो.

४

शरदिंदु बंद्योपाध्याय (१८९९-१९७०) यांच्या लेखनात या दोन्ही इयत्ता एकत्र येतात. त्यांनी पाटण्यास कायद्याचे शिक्षण घेतले, काही काळ मुंगेरला वकिली केली आणि १९२९ मध्ये ती सोडून लेखन पत्करले. ‘पथेर काँटा’ ही ब्योमकेश बक्षीची त्यांनी लिहिलेली पहिली कथा १९३२ ची. त्याआधी थोड्याच वर्षांपूर्वी, १९२८ मध्ये व्हॅन डाइन याने अमेरिकेत वीस नियम आणि १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स याने इंग्लंडात दहा नियम मांडले होते. वाचकाला सर्व धागेदोरे दाखवलेच पाहिजेत, हे त्या नियमांचे सार. शरदिंदूंनी ते वाचले होते की नव्हते, हा येथे महत्त्वाचा मुद्दा नाही. पुराव्याचा कायदा वाचलेल्या माणसाला ही शिस्त नव्याने शिकावी लागत नाही.

‘पथेर काँटा’त भर रस्त्यावर माणसे मरून पडतात आणि त्यांच्या छातीत ग्रामोफोनची सुई सापडते. त्यातून वाचलेला एकजण आपली हकिकत सांगतो. सुई त्याच्या खिशातील घड्याळाला लागलेली असते. त्या हकिकतीत सायकलच्या घंटीचा उल्लेख येतो. रस्त्यावर सायकलची घंटी वाजावी यात नवल ते काय? वाचक तो उल्लेख ऐकतो आणि विसरतो. रहस्य मात्र तेथेच आहे. लेखकाने काहीही लपवलेले नाही. त्याने घंटीला घड्याळाइतकेच, ना कमी ना जास्त, वजन दिले आहे. रहस्यकथा लिहू पाहणाऱ्याने या एका जबानीचा परिच्छेद वारंवार वाचावा. महत्त्वाची वस्तू दडवण्याची जागा अंधारात नसते. ती साध्या वस्तूंच्या रांगेत असते.

दुसरी गोष्ट रचनेची. ब्योमकेशाचा परिचय करून देणारी ‘सत्यान्वेषी’ कथेच्या काळाच्या दृष्टीने पहिली असली, तरी लेखनक्रमात ती ‘पथेर काँटा’ आणि ‘सीमंत-हीरा’ यांच्यानंतर येते. आधी दोन कथा लिहून झाल्यावर, या नायकाची मालिका होऊ शकते असे जाणवल्यानंतर, लेखकाने मागे जाऊन आरंभ रचला. ब्योमकेशाला स्वतःविषयी गुप्तहेर हा शब्द आवडत नाही. तो ‘सत्यान्वेषी’ ही उपाधी लावतो. हा शब्द नायकाइतकाच लेखकालाही लागू पडतो, कारण येथे शोध शेवटाकडून सुरुवातीकडे चाललेला असतो. सुकुमार सेन यांच्यासारख्या ख्यातनाम भाषाशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये ‘क्राइम काहिनीर कालक्रांति’ हा या प्रकाराचा स्वतंत्र इतिहास लिहावा, यावरून बंगाली विद्वत्तेने त्याला कोणत्या पंक्तीत बसवले होते, हे कळते.

५

मराठीत या वाङ्मयाची मुख्य वाट निराळ्या दिशेने आली. हरि नारायण आपटे यांची १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मधून येऊ लागलेली ‘मधली स्थिती’ ही कादंबरी रेनॉल्ड्सच्या लंडन-रहस्यांच्या आधाराने लिहिलेली होती. गोविंद नारायण दातारशास्त्री (१८७३-१९४१) यांनी रेनॉल्ड्सचीच कथानके भुयारे, गड आणि वेषांतरे यांच्या देशी साजात आणली. रेनॉल्ड्स बंगालीतही तितकाच लोकप्रिय होता, हे येथे नमूद केले पाहिजे. फरक एवढाच की, बंगालीत त्याच्या शेजारी दारोग्याचे दप्तर होते. मराठी रहस्यकादंबरीचा पहिला गुरू अद्भुतरम्यता हा ठरला. तिने वाचकाला पुढे काय होणार हे विचारायला शिकवले. आधी काय घडले होते, हे विचारायला शिकवले नाही.

असे असूनही मराठीत शिकण्याची साधने नव्हती, असे म्हणता येत नाही. ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ मध्ये, म्हणजे ब्योमकेशाच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. कथेचा आरंभ, गुंतागुंत, निरगाठ, उकल, विस्मय यांची इतकी सविस्तर चर्चा करणारी पुस्तके त्या काळात अन्य भारतीय भाषांतही विरळच. फडक्यांनी ही चर्चा मुख्यतः प्रणयकथेच्या आणि सामाजिक कादंबरीच्या संदर्भात केली, हे खरे. तरीही निरगाठ आणि उकल ही जोडी रहस्यकथेइतकी दुसऱ्या कोणत्या प्रकाराला लागू पडते?

पण इतिहासाने वेगळे वळण घेतले. बाबुराव अर्नाळकर यांच्या (चंद्रकांत सखाराम चव्हाण) रहस्यकथांनी चाळीसच्या दशकात वाचनालये व्यापली. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावे घरोघर पोचली, आणि त्यांच्या पुस्तकांची संख्या पुढे हजारावर गेली. नेमक्या त्याच दशकात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा उदयाला आली. तिचा एक प्रमुख आक्षेप फडके-पद्धतीच्या तंत्रावर होता. बेतलेले कथानक, शेवटची कलाटणी, बांधेसूद उकल यांना नवकथेने कृत्रिम ठरवले, आणि लघुकथेपुरते ते योग्यच होते. परंतु त्या निवाड्याचा एक परिणाम कोणी हिशेबात धरला नाही. जो प्रकार कथानकावाचून उभाच राहू शकत नाही, तो समीक्षेच्या कक्षेबाहेर गेला. तंत्र हा शब्दच हिणकस झाल्यावर तंत्राची चूक दाखवणार कोण आणि कोणाला?

यात अर्नाळकरांची मानहानी नाही. उलट त्यांची बाजू मांडण्याचाच हेतू आहे. त्यांच्यापाशी वेग होता, संवादाची हातोटी होती, मराठी वाचकाची अचूक नाडी होती. त्यांना मिळाली नाही ती हस्तलिखितावर बोट ठेवून, हा धागा तिसऱ्या प्रकरणात यायला हवा होता, असे सांगणारी जाणकार नजर. पुढे गुरुनाथ नाईक यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांनी बॅरिस्टर अमर विश्वासच्या रूपाने न्यायालय कथेत आणले. प्रत्येकाने आपला धडा पहिल्यापासून, एकट्याने गिरवला. एका लेखकाची शिकवण दुसऱ्याच्या हाती पोचवण्याचे काम समीक्षा करते. ते काम आपल्याकडे झाले नाही.

६

या इतिहासातील सर्वांत चटका लावणारी गोष्ट पुण्यात घडली. शरदिंदु १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहिण्यास मुंबईला आले. चित्रपटाचे काम सोडल्यावर १९५२ पासून ते पुण्यास स्थायिक झाले. सुमारे दीड दशकाच्या खंडानंतर ब्योमकेश पुन्हा अवतरला तो याच सुमारास, आणि पूर्ण झालेल्या बत्तीस कथांपैकी बहुसंख्य या पुनरागमनानंतरच्या आहेत. म्हणजे बंगाली रहस्यकथेचा उत्तरार्ध बव्हंशी मराठी शहरात लिहिला गेला.

शरदिंदूंनी या भूमीकडे पाहिले होते, याचा पुरावा त्यांच्या लेखनात आहे. शिवकालात वावरणाऱ्या सदाशिव या मराठी मुलाच्या पाच साहसकथा त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. ‘शैलरहस्य’ या कथेत तर ब्योमकेश स्वतः महाबळेश्वरला येतो आणि तेथून अजितला पत्र लिहितो. या कथेत मृताचा आत्मा ब्योमकेशाला संकेत देतो. नॉक्सच्या नियमांनुसार हा उघड प्रमाद आहे. पण ब्योमकेश त्या संकेतावर थांबत नाही. तो अजितला कोलकात्यात प्रत्यक्ष चौकशी करायला लावतो. भुताची साक्ष कोणत्याही न्यायालयात चालत नाही, हे कायदा शिकलेला लेखक विसरलेला नाही. नियम मोडतानाही त्याने पहिला धडा सांभाळला आहे.

शरदिंदु पुण्यात लिहीत होते त्याच काळात मुंबई-पुण्याच्या छापखान्यांतून मराठी रहस्यकथांचे ढीग बाहेर पडत होते. बहुसंख्य मराठी कुटुंबांना ब्योमकेश भेटला तो मात्र १९९३ मध्ये, बासू चटर्जी यांच्या हिंदी दूरदर्शन मालिकेतून. फेलुदा अशोक जैन यांच्या मराठी अनुवादांतून आला, तोही सत्यजित राय यांनी तो १९६५ मध्ये ‘संदेश’मध्ये निर्माण केल्यानंतर कितीतरी वर्षांनी. तौलनिक साहित्याच्या अभ्यासात संपर्काचा इतिहास आपण आवडीने लिहितो. न झालेल्या संपर्काचाही इतिहास लिहावा लागतो, कारण त्याची किंमत कोणीतरी मोजलेली असते. येथे ती मराठी रहस्यकथाकाराने मोजली.

७

आता न्यू टाउनच्या प्रश्नाकडे येऊ. येथे मेस नाही, हॅरिसन रोडची गजबज नाही. उंच इमारतींची कुंपणबंद संकुले, फाटकावरची नोंदवही आणि जागोजागी कॅमेरे आहेत. कोण केव्हा आले-गेले हे यंत्र सांगते; मग अनुमानाला वाव कोठे, असे वाटणे साहजिक आहे. कायदाही बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आणि झडती-जप्तीचे दृक्श्राव्य चित्रीकरण आवश्यक झाले. परंतु कबुली आणि मुद्देमाल यांचे जुने नाते नव्या कायद्याच्या कलम २३ मध्ये कायम आहे. कॅमेरा माणूस दाखवतो, त्याचे कारण दाखवत नाही. वस्तुस्थिती वाढली आहे. तिच्यातून नेमके उचलण्याचे काम अधिक अवघड झाले आहे. सायकलची घंटी आज शेकडो तासांच्या चित्रणात दडलेली असेल, इतकेच.

म्हणून रहस्यकथालेखनाचे प्राथमिक शिक्षण द्यायचे झाल्यास त्याचा आरंभ पंचनाम्यापासून करावा, असे सुचवावेसे वाटते. पंचनामा हा मराठी व्यवहारातला रोजचा शब्द आहे. परिसरातील दोन प्रतिष्ठित इसमांसमक्ष जागेवर जे दिसले तेवढेच त्यात लिहायचे असते. दार आतून बंद होते की बाहेरून, भांड्यात पाणी किती होते, दिवा चालू होता की विझलेला. ‘बहुधा’ आणि ‘म्हणून’ हे शब्द त्यात चालत नाहीत. विद्यार्थ्याने एका खोलीचा पंचनामा लिहावा. मग त्याच खोलीत काय घडले असेल याचे दोन परस्परविरोधी आणि तरीही पंचनाम्याशी सुसंगत वृत्तांत रचावेत. अखेरीस त्यांतील एकच खरा ठरवणारी वस्तू मूळ पंचनाम्यात अगोदरच आहे काय, हे तपासावे. ती नसेल तर कथा वाचकाला फसवते. असेल, पण पहिल्याच वाचनात डोळ्यांत भरत असेल, तर कथा मुळातच संपलेली आहे.

प्रियनाथांचे एक प्रकरण, रवींद्रनाथांची ‘डिटेक्टिव्ह’, शरदिंदूंची ‘पथेर काँटा’, फडक्यांच्या ‘प्रतिभासाधन’मधील निरगाठ-उकलीचा विचार आणि अर्नाळकरांची एक झुंजारकथा एवढे पाच पाठ मराठी आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात शेजारीशेजारी ठेवता येतील. त्यातून उत्तम रहस्यकथाकार निपजतीलच, अशी हमी कोणतीही शाळा देऊ शकत नाही. पण पुढच्या मराठी लेखकाला पहिला धडा पुन्हा एकट्याने शोधून काढावा लागणार नाही, आणि त्याची चूक दाखवणारा वाचक त्याच वर्गात तयार झालेला असेल.